जीएच: कधी ग, कधी फ, बहुतेकदा मुका

दो, थ्रू, टफ, कॉफ, प्लाउ, थॉट. या सहा इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगमध्ये ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं याच क्रमाने येतात आणि सहाही ठिकाणी त्यांचा उच्चार वेगळा होतो. दो म्हणजे ‘जरी’, थ्रू म्हणजे ‘मधून, आरपार’, टफ म्हणजे ‘चिवट’ किंवा ‘अवघड’, कॉफ म्हणजे ‘खोकला’, प्लाउ म्हणजे ‘नांगर’ आणि थॉट म्हणजे ‘विचार’. ‘जीएच सायलेंट असतो, पाठ करा’ एवढं सांगून हे शब्द मुलांच्या माथी मारले जातात. त्याने काम भागत नाही, कारण टफ आणि कॉफमध्ये तो सायलेंट नाहीच. खरं तर जीएच कुठे गप्प बसतो, कुठे ग होतो आणि कुठे फ होतो, याला चांगले पक्के नियम आहेत. अपवाद आहेत, पण ते मोजून ठेवता येतात.

मराठी माणसाला इथे एक जास्तीची अडचण आहे. आपण आपली नावं रोमन लिपीत लिहिताना घ साठी जीएच वापरतो. घाटकोपर, घोडबंदर, वाघ, सगळीकडे हीच जोडी. त्यामुळे भुताला इंग्रजीत ‘घोस्ट’ म्हणायची सवय आपोआप लागते. इंग्रजीत घ हा स्वतंत्र ध्वनीच नाही. तिथे शब्द आहे ‘गोस्ट’, साधा ग. म्हणून जीएचकडे पाहताना आधी डोक्यातला घ बाजूला ठेवायचा.

मग ही जोडी तिथे आली कशाला?

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत घशातून घासून निघणारा एक खरखरीत ध्वनी होता, ह आणि ख यांच्या मधला. उर्दूतल्या ‘ख़त’मधला नुक्त्याचा ख़ आठवा, म्हणजे अंदाज येईल. रात्रीसाठीचा शब्द तेव्हा साधारण ‘निख़्त’ असा उच्चारला जाई आणि तो ध्वनी एकट्या एच या अक्षराने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाताखाली हळूहळू या एचच्या जागी जीएच लिहिण्याची पद्धत रुजली. म्हणजे त्या काळी जीएच मुका नव्हता. ती एका खऱ्याखुऱ्या ध्वनीची खूण होती.

तो ध्वनी बहिणभाषांमध्ये आजही ऐकू येतो. इंग्रजीत मुलगी म्हणजे डॉटर, जर्मनमध्ये टॉख्टर, फारसीत दुख़्तर आणि संस्कृतात दुहिता. इंग्रजीतला रात्रीचा शब्द नाइट, जर्मनमध्ये नाख्ट आणि संस्कृतात नक्त. दिवसभर उपास करून रात्री जेवतात त्या व्रताला आपण ‘नक्त’ म्हणतो, तोच हा शब्द. इंग्रजी एट, जर्मन आख्ट, संस्कृत अष्ट, मराठी आठ. आणि सगळ्यात सुंदर जोडी म्हणजे वे, अर्थात ‘वजन करणं’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘वाहून नेणं’ असा होता आणि मुळाने तो संस्कृत वह् धातूचा, आपल्या ‘ओझं वाहणे’ मधल्या वाहण्याचा सख्खा नातेवाईक आहे. हे शब्द शिकवताना ही नाती सांगावीत, कारण मग डॉटरच्या मधोमध जीएच कशाला, हा प्रश्न मुलांना छळत नाही. दुहितातला ह डोळ्यांसमोर राहतो.

पुढे साधारण १५व्या ते १७व्या शतकात दक्षिण इंग्लंडच्या बोलीतून हा घशातला ध्वनी गेला. बहुतेक शब्दांत तो नुसताच गळाला. काही शब्दांत मात्र त्याच्या आधी ओठ गोल करून म्हणायचा स्वर होता. तिथे घर्षण घशातून ओठांकडे सरकलं आणि फ झाला. कुठल्या बोलीत गळाला, कुठल्या बोलीत फ झाला, आणि लंडनच्या प्रमाण इंग्रजीने प्रत्येक शब्दाचं कुठलं रूप उचललं, यात एकसारखेपणा राहिला नाही. मळलेल्या पिठाच्या गोळ्याला इंग्रजीत ‘डो’ म्हणतात, तर त्याच शब्दाचं दुसऱ्या बोलीतलं रूप ‘डफ’ एका उकडलेल्या गोड पदार्थाच्या नावात अजून टिकून आहे. स्कॉटलंडच्या बोलीत तर जुना ध्वनीही पूर्ण गेलेला नाही. तिथल्या सरोवराला ‘लॉख़’च म्हणतात.

उच्चार बदलत असतानाच स्पेलिंग गोठलं. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. छापील पुस्तकांबरोबर शब्दांची रूपं स्थिरावत गेली आणि तोंडातून गेलेला ध्वनी कागदावर राहिला. गोस्टमधला एच तर त्याहून वेगळ्या वाटेने आला. जुन्या इंग्रजीत या शब्दात एच नव्हताच. कॅक्स्टन बरीच वर्षं ब्रूज शहरात राहिलेला होता. तिथल्या फ्लेमिश भाषेत याच शब्दात जीएच लिहीत, ते वळण छापखान्यात शिरलं. त्या काळात बदक-हंस, बकरी आणि मुलगी यांच्या शब्दांतही जीच्या मागे एच लावलेला सापडतो. ते सगळे एच पुढे गळाले, भुताचा तेवढा राहिला. त्याच्या संगतीने ‘गास्ट्ली’ (भयंकर, भेसूर) आणि ‘अगास्ट’ (भीतीने थक्क) या शब्दांतही तो पक्का झाला.

आता वाचताना करायचं काय ते पाहू. जीएच दिसला की पहिला प्रश्न: तो शब्दाच्या सुरुवातीला आहे का? असेल तर ग. याला अपवाद नाही. गोस्ट, गास्ट्ली, गूल (प्रेतं खाणारं भूत, मूळ अरबी), गर्किन (लोणच्याची छोटी काकडी), गेटो (एका समाजाला वेगळं कोंडून ठेवलेली वस्ती, व्हेनिसमध्ये १५१६ साली ज्यूंसाठी केलेल्या वस्तीवरून).

दुसरा प्रश्न: जीएचच्या लगेच आधी आय हे अक्षर आहे का? असेल तर जीएच मुका. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सोपा गट आहे. नुसत्या आयनंतर आला तर स्वर ‘आय’ असा लांब होतो: नाइट (रात्र), लाइट (उजेड, हलका), राइट (बरोबर, उजवा, हक्क), माइट (सामर्थ्य), फ्लाइट (उड्डाण), फ्राइट (भीती), प्लाइट (दुर्दशा), ब्लाइट (पिकावरचा करपा), हाय (उंच), साय (उसासा), थाय (मांडी). आयच्या आधी आणखी ई असेल तर उच्चार ‘ए’: एट (आठ), वेट (वजन), फ्रेट (मालवाहतूक, मालाचं भाडं), नेबर (शेजारी), स्ले (बर्फावरची घसरगाडी). या ई-आय गटात फक्त दोन शब्द वाट सोडतात: हाइट (उंची) आणि स्लाइट (हातचलाखी). दुसरा बहुधा ‘स्लाइट ऑफ हँड’ असाच भेटतो. किंचित या अर्थाच्या ‘स्लाइट’चा उच्चार अगदी तोच, पण त्यात ई नाही. एस-एल-आय-जी-एच-टी म्हणजे किंचित, मध्ये ई आली की जादूगार. ए-आय-जी-एच असा क्रम रोजच्या वापरात एकाच शब्दात दिसतो, ‘स्ट्रेट’ म्हणजे सरळ. त्यातला जीएच गाळला की ‘सामुद्रधुनी’ होते.

तिसरा प्रश्न उरतो तो यूचा. आधी यू असेल तर पुढचं अक्षर पाहायचं. पुढे टी असेल तर जीएच मुका आणि स्वर ‘ऑ’. कॉट (पकडलं), टॉट (शिकवलं), बॉट (विकत घेतलं), ब्रॉट (आणलं), फॉट (लढला), सॉट (शोधलं), थॉट (विचार, विचार केला), डॉटर (मुलगी), नॉटी (खोडकर), हॉटी (गर्विष्ठ), स्लॉटर (कत्तल), फ्रॉट (धोक्यांनी भरलेलं). या नियमाला चार अपवाद आहेत आणि ते चारही पाठ करावेत. लाफ्टर (हसू) आणि ड्राफ्ट (दाराखिडकीतून येणारा वाऱ्याचा झोत, घोट) यांत फ ऐकू येतो. ड्राउट (अवर्षण) आणि डाउटी (शूर) यांत जीएच मुकाच राहतो, पण स्वर ‘आउ’ होतो.

स्लॉटर आणि लाफ्टर हे जुळं नीट पाहून ठेवा. पहिल्याच्या पोटात दुसरा अक्षर न् अक्षर आहे, सुरुवातीचा एस काढला की कत्तलीतून हसू निघतं. तरीही उच्चारात दोघांचा काही संबंध नाही. लाफ्टर मुळात लाफ (हसणं) या शब्दाला शेपूट लावून झालेला आहे, म्हणून त्याने फ धरून ठेवला.

ड्राफ्ट आणि ड्राउट यांच्या स्पेलिंगमध्ये फक्त एका अक्षराचा फरक आहे. ए असेल तर वारा, ओ असेल तर दुष्काळ. ड्राफ्टचं हे जुनं ब्रिटिश रूप आपल्याकडे आयटीआयच्या ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ या ट्रेडच्या नावात अजून दिसतं. बँकेचा डिमांड ड्राफ्ट किंवा पत्राचा कच्चा ड्राफ्ट मात्र एफ घालून लिहितात. मूळ एकच, ‘ओढणे’: रेषा ओढणं, हवा ओढली जाणं, घोट ओढणं, पैसे काढणं.

खरी कसोटी लागते ती यू-जी-एच नंतर टी नसेल तेव्हा. इथे नियम थकतो. पण असे नेहमीचे शब्द जेमतेम वीस आहेत, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. फ होणारे आधी लक्षात ठेवा: लाफ (हसणं), कॉफ (खोकला), ट्रॉफ, रफ (खडबडीत), टफ (चिवट), इनफ (पुरेसं). हे सहा आले की बाकीचे बहुतेक सगळे मुके समजायचे. ट्रॉफ म्हणजे गुरांना पाणी पाजायची डोण किंवा दाण्याची गव्हाण. हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात पावसाळ्यात हाच शब्द ‘कमी दाबाचा पट्टा’ या अर्थाने सतत येतो. डोणीसारखा लांबट खोलगट आकार दोन्हीकडे आहे. टी-आर-ओ-यू-जी-एच आणि त्यात दुसऱ्या जागी एच घातला की थ्रू, हे मात्र घाईत वाचताना हमखास फसतं.

मुक्यांमध्ये चार स्वर आहेत. ‘ओ’ उच्चार: दो (जरी), ऑल्दो (जरी, तरीसुद्धा), डो (मळलेलं पीठ), फर्लो. ‘आउ’ उच्चार: प्लाउ (नांगर, ब्रिटनमध्ये सप्तर्षींनाही हेच नाव), बाउ (झाडाची मोठी फांदी). ‘ऊ’ उच्चाराचा एकटा थ्रू. आणि थरा (कसून, नीट तपासून केलेलं) व बरा (शहराचा प्रशासकीय विभाग) हे ब्रिटनमध्ये ‘आ’ने संपतात, अमेरिकेत थरो, बरो असे ‘ओ’ने. फर्लो हा शब्द मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना तुरुंगाच्या बातम्यांतून ओळखीचा आहे. कैद्याला मिळणारी ‘संचित रजा’ म्हणजे फर्लो आणि ‘अभिवचन रजा’ म्हणजे पॅरोल. करोनाच्या काळात कंपन्यांनी कामगारांना तात्पुरतं घरी बसवलं, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द होता.

एस-एल-ओ-यू-जी-एच हा शब्द दोन्ही बाजूंना आहे. स्लाउ म्हटलं तर दलदल (लंडनच्या पश्चिमेला याच नावाचं शहरही आहे), स्लफ म्हटलं तर सापाने टाकलेली कात किंवा जखमेवरून सुटणारी मृत त्वचा. नर्सिंग आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दुसरा अर्थ लागतो. उचकीचं हिकप आणखी वेगळं. त्या शब्दाचं मूळ रूप साधं होतं, पण लोकांनी त्याचा खोकल्याशी संबंध लावून शेवटी कॉफचं स्पेलिंग जोडलं. ते चुकीचं रूप कोशात आजही आहे, पण उच्चार ‘हिकप’च. लिहिताना पी असलेलं साधं स्पेलिंग वापरावं.

जीएचची जोडीच नसलेले काही शब्दही डोळ्यांना फसवतात. डॉगहाउस (कुत्र्याचं घर), फॉगहॉर्न (धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा), पिगहेडेड (हेकट). इथे जी पहिल्या शब्दाचा आणि एच दुसऱ्याचा. मधोमध तोडून वाचलं की काम झालं.

जागेचा नियम किती महत्त्वाचा आहे, हे एका जुन्या कोटीवरून चांगलं कळतं. जी-एच-ओ-टी-आय हे स्पेलिंग ‘फिश’ असं वाचता येतं, असं गमतीने सांगतात: इनफमधला फ, ‘विमिन’मधल्या ओचा इ, ‘नेशन’मधल्या टी-आयचा श. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नावावर ती खपवली जाते. पण १८५५ च्या एका पत्रात ती आधीच आहे आणि शॉ जन्मले १८५६ मध्ये. ती कोटी म्हणून छान आहे, पण इंग्रजीत नियमच नाहीत याचा पुरावा म्हणून वापरली तर फसते. सुरुवातीचा जीएच कधीच फ होत नाही आणि शेवटचा टी-आय कधीच श होत नाही. इंग्रज ते ‘गोटी’ असंच वाचेल. आपण मात्र इगतपुरीजवळचं घोटी वाचू.

लिहिताना होणाऱ्या चुका वेगळ्या असतात. सगळ्यात जास्त गोंधळ बॉट आणि ब्रॉट यांचा. इथे एकच आधार पुरतो: ‘ब्रिंग’मध्ये आर आहे म्हणून ‘ब्रॉट’मध्ये आर, ‘बाय’मध्ये नाही म्हणून ‘बॉट’मध्ये नाही. दुसरा गोंधळ ए-यू लिहायचं की ओ-यू. कॅच आणि टीच या दोन्ही क्रियापदांत ए हे अक्षर आहे, त्यांच्या भूतकाळात ए-यू. बाय, ब्रिंग, थिंक, सीक, फाइट यांच्यात ए नाही, त्यांच्या भूतकाळात ओ-यू. याच ओळीत ‘वर्क’चं जुनं भूतकाळी रूप ‘रॉट’ बसतं, सुरुवातीला मुका डब्ल्यू घेऊन. गेट आणि ग्रिलच्या दुकानात ‘रॉट आयर्न’ म्हणतात ते हेच, म्हणजे घडीव लोखंड. कुजण्याच्या ‘रॉट’शी त्याचं नातं नाही.

नाटककाराला इंग्रजीत ‘प्लेराइट’ म्हणतात. त्यातलं राइट लिहिण्याचं नाही. ते डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी असं आहे, म्हणजे घडवणारा कारागीर. जहाज बांधणारा शिपराइट, चाकं करणारा व्हीलराइट, तसा नाटक घडवणारा प्लेराइट. कॉपीराइटमध्ये तिसरंच राइट आहे, हक्काचं, डब्ल्यू नसलेलं. जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्या कॉपीरायटरमध्ये मात्र लिहिण्याचं, जीएच नसलेलं.

उंचीच्या हाइटला शेवटी नुसता टी, पुढे एच नाही. ‘लेंग्थ’, ‘विड्थ’च्या नादाने तो लावला जातो. आठव्याच्या ‘एट्थ’मध्ये मात्र टीनंतर एच हवा: ई-आय-जी-एच-टी-एच, टी एकदाच. आकाशातली वीज ‘लाइटनिंग’ एल-आय-जी-एच-टी-एन-आय-एन-जी. टी आणि एनमध्ये ई घातली की अर्थ ‘हलकं करणं’ किंवा ‘उजळणं’ होतो. आणि डिलाइट (आनंद) मध्ये जीएचचा ध्वनी कधीच नव्हता. तो शब्द फ्रेंचमधून साध्या स्पेलिंगने आला आणि ‘लाइट’कडे पाहून १६व्या शतकात त्याला जीएच चिकटला. तरीही आज तो लिहावाच लागतो.

सरावासाठी शब्द अकारविल्हे लिहू नयेत. वहीचं पान उभं दुमडून उच्चाराप्रमाणे रकाने करावेत: आय, ए, ऑट, फ, आणि उरलेले मुके. एका वेळी एकाच रकान्यातले सहा-सात शब्द घ्यावेत, अर्थासकट. दो, थ्रू, थरा, थॉट, टफ, टॉट हे सहा मात्र एकाच दिवशी एकत्र शिकवू नयेत. सारखी दिसणारी रूपं एकदम समोर आली की मनात एकमेकांत मिसळतात. मग ‘थ्रू’च्या शेवटी उगाच टी लागतो, ‘टॉट’मध्ये ओ शिरतो. प्रत्येक शब्द त्याच्या रकान्यात पक्का झाल्यावरच सहाही एका श्रुतलेखनात घ्यावेत.

बाहेरून आलेल्या शब्दांत एचचं काम निराळं असतं. इटालियनमध्ये ई आणि आयच्या आधी जी आला की ज होतो. तो ग राहावा म्हणून मध्ये एच घालतात, म्हणून ‘स्पगेटी’त जीएच. आपल्याकडून गेलेली छोटी होडी, डिंगी, हिच्यातही एच ग टिकवण्यासाठीच आहे. ‘घाट’ आणि ‘घी’ यांतला जीएच आपल्या घ चा, पण इंग्रज तो गाट, गी असाच म्हणतो. ‘योगर्ट’ म्हणजे दही हा शब्द तुर्की. त्यात जीवर टोपी असलेलं एक खास अक्षर आहे, ते आजच्या तुर्कीत जवळजवळ मुकं असतं. ब्रिटिश स्पेलिंगमधला जीएच त्या अक्षरासाठी आहे. एच गाळून लिहिलेलं रूपही तितकंच शुद्ध मानतात.

अमेरिकेत प्लाउ ओ-डब्ल्यू लावून आणि ड्राफ्ट एफ लावून लिहितात. तिथे तीच प्रमाण रूपं आहेत. थ्रू, नाइट आणि लाइट यांची जीएच गाळलेली आखूड रूपं मात्र पाट्या, वेष्टनं आणि मोबाइलवरच्या संदेशांपुरती आहेत. परीक्षेत किंवा अर्जात ती चूक धरली जातात. एकाच उत्तरपत्रिकेत नांगर ब्रिटिश आणि वाऱ्याचा झोत अमेरिकी असंही करू नये. जी पद्धत धरली ती शेवटपर्यंत धरावी.